फडावर जाणारा फोन

बीड जिल्ह्यात नवा फोन घ्यायचा एक हंगाम असतो. दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते, जुनी देणी भागतात, सहा महिन्यांचा बाजार भरला जातो आणि त्यातून काही उरलंच तर घरात नवा टच मोबाईल येतो. मग धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतल्या गावांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सातारा-सोलापूरकडे, कुणी सीमा ओलांडून बेळगावकडे. कारखान्याचं गाळप संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, ही माणसं उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे झोपडी, टाकून राहतात. कोपीत विजेचं मीटर नसतं. गावी आजी-आजोबांजवळ ठेवलेल्या लेकरांचा आवाज संध्याकाळी ऐकायचा तो याच फोनवर. खेपांच्या पावत्यांचे फोटो, मुकादमाशी झालेला हिशेब, बँकेतले पैसे, रात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर गाडीसाठी करायचा फोन, सगळं त्या एका यंत्रात आणि त्याच्या बॅटरीत असतं.

नवा फोन कसा सुरू करावा आणि बॅटरी कशी जपावी यावर जे लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा उशाशी चार्जिंगचं बटण आणि घरात वाय-फाय असलेल्या माणसाला धरून लिहिलेलं असतं. या प्रकरणात मी फडावर जाणारा फोन समोर ठेवला आहे. तिथं टिकेल असा फोन लावता आला, तर बीडच्या सुभाष रोडवरच्या दुकानात बसणाऱ्या माणसाचा फोनही त्याच रीतीनं टिकेल.

पहिली गोष्ट वेळेची. फोन निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका. फोन लावायला रेंज लागते, वीज लागते, एक-दोन जीबी डेटा लागतो आणि शांतपणे बसलेला तासभर लागतो. या चारही गोष्टी गावात मिळतात, फडावर एकत्र मिळत नाहीत. निदान आठ दिवस आधी घेतला तर काही बिघाड असल्यास तोही दुकान जवळ असतानाच कळतो.

घेताना कॅमेऱ्याचे आकडे नंतर बघा. आधी रॅम, साठवण आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारा. कमी ताकदीच्या फोनवर जड काम टाकलं की काय होतं, हे महाराष्ट्रानं ऑगस्ट २०२१ मध्ये पाहिलं आहे. सरकारकडून मिळालेले दोन जीबी रॅमचे मोबाईल अंगणवाडी सेविकांनी राज्यभर आंदोलन करून परत केले होते. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपचं काम त्यांवर होत नव्हतं, फोन तापत होते, अडकत होते, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या अंगावर येत होता. त्यांची तक्रार तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होती. रॅम अपुरी असली की फोन ॲप पुन्हा पुन्हा बंद करतो आणि पुन्हा उघडतो, त्यात प्रोसेसर राबतो, तापतो, आणि बॅटरी त्याची किंमत मोजते. स्वस्त फोन पुढे महाग पडतो तो असा.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर आयएमईआय क्रमांक लिहिला आहे का ते पाहा. फोनवर *#०६# दाबलं की हा पंधरा अंकी क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. खोका, बिल आणि फोन या तिन्हींवर ते सारखेच असायला हवेत. जुना, वापरलेला फोन घेत असाल तर केवायएम, मग एक मोकळी जागा आणि तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा, हे उत्तरात येतं, आणि चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तेही कळतं. केंद्र सरकारचं संचार साथी पोर्टल मे २०२३ पासून देशभर चालू आहे. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन, त्या तक्रारीची प्रत आणि बिल जोडून, या पोर्टलवरून तो बंद करता येतो. बिलाचा फोटो मात्र त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. घरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर तो पाठवून ठेवा.

आता खातं. खेड्यात सगळ्यात जास्त अडचणी इथंच उभ्या राहतात, आणि त्या कळतात तेव्हा उशीर झालेला असतो. नवा अँड्रॉइड फोन गुगल खातं मागतो. दुकानातला पोरगा किंवा भाचा घाईत स्वतःचंच खातं टाकून देतो, नाहीतर नवं खातं काढतो आणि पासवर्ड कुठंच लिहीत नाही. फोन चालू होतो, सगळे खूश होतात. पुढे कधीतरी लॉक विसरला, कुणीतरी फोन पुसून पहिल्यासारखा केला, की तो आधीच्या खात्याचा पासवर्ड मागतो. २०१५ पासूनच्या अँड्रॉइडमध्ये ही सोय चोराला अडवण्यासाठी ठेवलेली आहे, पण खातं आपलं नसेल तर ती मालकालाच अडवते. शिवाय ज्याचं खातं, त्याच्याकडे तुमचे फोटो, तुमचे संपर्क आणि फोन कुठं आहे याची माहिती जाऊ शकते. म्हणून खातं ज्याचा फोन त्याच्याच नावाचं असावं. बायकोचा फोन असेल तर तिच्या नावाचं. पासवर्ड घरातल्या वहीत लिहावा आणि ती वही गावीच ठेवावी.

खात्याला जोडायचा नंबर नीट विचार करून द्या. तोच नंबर आधारला, बँकेला आणि पीएम-किसानला असतो. सलग ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा असा कसलाच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि काही काळानं तो दुसऱ्या कुणाला मिळूही शकतो. फडावर गेल्यावर तिकडं रेंज असलेलं नवं सिम घेतलं आणि गावचं सिम पाकिटात पडून राहिलं, असं सहज घडतं. दोन सिमचा फोन घेतला तर जुनं सिम दुसऱ्या खाचेत राहू द्या आणि अधूनमधून छोटा रिचार्ज करत जा.

यूपीआय गावातच सुरू करा. त्यासाठी बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, कारण ॲप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवून खात्री करतं. नव्या फोनवर पहिल्या दिवशी रक्कम पाठवण्याची मर्यादा कमी असते, हेही आधीच धरून चाला. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेण्यासाठी पिन टाका, असं कुणी सांगितलं तर तो फसवणूक करतो आहे हे नक्की. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. हा क्रमांक संपर्कयादीत पहिल्या दिवशीच साठवा. ११२ आणि १०८ हे दोन आपत्कालीन क्रमांक पाठ असतातच. लॉक असलेल्या पडद्यावरही दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरायची सोय बहुतेक फोनांत आहे. रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा नंबर तिथं भरून ठेवा. उसाच्या गाड्या रात्री-अपरात्री रस्त्यावर असतात, तेव्हा ही दोन मिनिटं वाया जात नाहीत.

भाषा मराठी करा. कीबोर्डवर मराठी बोलून लिहिण्याची सोय चालू करून तिचा भाषासंच उतरवून घ्या. ज्या आईला लिहिता येत नाही तिला बोलून निरोप पाठवता येतो. लेकरं बरोबर नेत असाल तर बालभारतीच्या पुस्तकांच्या मोफत प्रती वीज आणि नेट असतानाच उतरवून ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सकाळच्या शुभेच्छांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी डेटा संपतो, साठवण भरते आणि बॅटरीही खर्ची पडते. न मागता आलेली ॲप काढा, निघत नसतील तर निष्क्रिय करा. बॅटरी वाचवतो, फोन थंड करतो, रॅम साफ करतो, असं सांगणारी ॲप टाकू नका. ती बहुतेक जाहिराती दाखवतात आणि स्वतःच बॅटरी खातात. उघडी ॲप सारखी सारखी झटकून बंद करायची सवयही सोडा. पुन्हा उघडताना फोनला जास्त राबावं लागतं.

परवानग्यांचं एकच सांगतो. लोकेशन बहुतेक ॲपना फक्त वापरत असतानाच द्या. अपवाद दामिनी ॲपचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विजेच्या इशाऱ्यासाठी केलेलं हे ॲप आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर सूचना देतं. मराठवाड्यात वळवाच्या पावसात दरवर्षी शेतातली माणसं आणि जनावरं वीज पडून दगावतात. या ॲपचं लोकेशन आणि मागे चालू राहण्याची मुभा काढून बॅटरी वाचवायची नाही.

आता बॅटरीकडे येऊ. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ मध्ये, सोनी कंपनीकडून. तिच्या पायाभरणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आत दोन बाजू असतात. एका बाजूला धातूच्या ऑक्साइडचे थर, दुसऱ्या बाजूला ग्राफाइट. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. हे येणं-जाणं हजारदा झालं तरी चाललं असतं, पण बरोबरीनं एक नको असलेली गोष्ट घडते. मधल्या द्रवाचा थोडा थोडा भाग ग्राफाइटपाशी विघटन पावतो आणि दुधावर साय धरावी तसा तिथं पातळ थर धरतो. सुरुवातीला हा थर बॅटरीचं रक्षणच करतो, पण तो जाड होत जातो आणि दर वेळी थोडं लिथियम अडकवून टाकतो. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. बॅटरी म्हातारी होते म्हणजे मुख्यतः हे होतं.

हा थर दोन कारणांनी झपाट्यानं वाढतो. उष्णता आणि काठोकाठ भरलेली अवस्था. दोन्ही एकत्र आल्या तर सगळ्यात वाईट. पूर्ण भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर नुसती ठेवली तर तिची क्षमता साधारण २० टक्क्यांनी घटते. तीच ४० अंशांत ठेवली तर ३५ टक्क्यांच्या आसपास. चार्ज ४० टक्क्यांवर ठेवून तीच बॅटरी ४० अंशांत ठेवली तर घट साधारण १५ टक्के होते. बीडच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून जास्त होतं. बहुतेक कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं सांगतात. म्हणजे आपला एप्रिल-मे हा फोनच्या पुस्तकातल्या मर्यादेबाहेरचा काळ आहे. आपल्याकडे बॅटरी जपणं म्हणजे सर्वांत आधी तिला उन्हातून बाजूला ठेवणं. बाकी सगळ्या युक्त्या त्यानंतर.

म्हणून ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा हा जो नियम सगळीकडे सांगितला जातो, तो समजून घेऊन वापरायला हवा. ज्याला रोज वीज आहे, जो रात्रभर पिन लावून झोपतो, त्यानं तो जरूर पाळावा. अनेक फोनांत आता ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय सेटिंगमध्येच असते, ती चालू करावी. पण फडावर दोन दिवसांतून एकदा चार्जिंग मिळत असेल तर शंभर टक्के भरून घ्या, काही बिघडत नाही. भरलेली बॅटरी वापरात लगेच खाली येते. नुकसान करतं ते भरलेल्या अवस्थेत तासन्तास, तेही तापलेल्या जागी, पडून राहणं. गरीब माणसाला ८० टक्क्यांचा धाक घालून त्याच्या संध्याकाळच्या बोलण्यातला वेळ काढून घेणं मला पटत नाही.

नवा फोन आधी आठ तास चार्ज करा, पूर्ण संपल्याशिवाय पुन्हा लावू नका, हे सल्ले जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातले आहेत. लिथियमला त्यांची गरज नाही, उलट पूर्ण शून्यावर नेणं तिला मानवत नाही. पन्नास टक्क्यांची दोन चार्जिंग मिळून एक आवर्तन धरलं जातं, त्यामुळे थोडं थोडं चार्ज केल्यानं आयुष्य घटत नाही. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून असा नियम केला आहे की फोनच्या बॅटरीनं ८०० आवर्तनांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. रोज एक आवर्तन धरलं तर हा सव्वादोन वर्षांचा हिशेब होतो. घेताना दुकानदाराला आवर्तनांचा आकडा विचारायला हरकत नाही. विचारणारे वाढले तरच तो खोक्यावर छापला जाईल.

जुना फोन गावीच ठेवून निघणार असाल तर तो अर्धा चार्ज करून पूर्ण बंद करा आणि पत्र्यापासून लांब, खालच्या फडताळात ठेवा. शून्यावर ठेवलेला फोन सहा महिन्यांनी उठेलच असं नाही.

कोपीतलं चार्जिंग हा वेगळा प्रश्न आहे. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. वाटेतली गळती धरून एका भरणीला २५ वॉट-तास लागतात असं माना. म्हणजे एका युनिटमध्ये असा फोन ४० वेळा भरतो. रोज चार्ज केला तरी महिन्याला एक युनिट होत नाही. इतकी थोडी वीज मिळवायला माणसाला दिवसभर राबून कुठल्या तरी हॉटेलात किंवा टपरीवर फोन ठेवून यावा लागतो, आणि तो परत घ्यायला जाईपर्यंत घरचा फोन येऊन गेलेला असतो. दहा वॉटचा छोटा सोलर पाटा हे काम चार-पाच तासांच्या चांगल्या उन्हात करू शकतो. पाटा उन्हात आणि फोन सावलीत, एवढं मात्र पाळायचं. वायर लांब घ्या, फोन कोपीच्या आत वाढ्यांच्या सावलीला ठेवा. पाट्याखाली किंवा पाट्यावर ठेवलेला फोन भरतो आणि तापतो, म्हणजे वर सांगितलेली दोन्ही कारणं आपण एकत्र आणतो.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही फोन चालतो, पण तिचा दाब १२ व्होल्टचा असतो आणि साध्या यूएसबी वायरीतून फोनला ५ व्होल्ट हवे असतात. मध्ये चांगला कार चार्जर असलाच पाहिजे. नुसत्या दोन वायरी जोडून केलेला जुगाड फोन जाळतो. इंजिन सुरू करताना पिन काढून ठेवा, त्या क्षणी दाब वरखाली होतो. पॉवर बँक घेताना मोठा आकडा पाहून फसू नका. १०,००० एमएएच लिहिलेली पॉवर बँक ५००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही. दाब बदलताना ऊर्जा जाते, त्यामुळे साधारण सव्वा वेळा भरतो. खोक्यावर बारीक अक्षरात रेटेड क्षमता दिलेली असते, ती वाचा. चार्जर आणि पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाजवळ नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की खरा की खोटा ते कळतं.

फडावर बॅटरी लवकर उतरते त्याचं मोठं कारण रेंज. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकदीनं लहरी सोडतो, सारखा टॉवर शोधत राहतो, आणि खिशात असतानाच गरम होतो. बालाघाट डोंगराच्या दऱ्यांतल्या गावांनाही हा अनुभव आहे. जिथं ५जी येतं-जातं, तिथं सेटिंगमध्ये जाऊन फोन ४जीवर पक्का करा. दिवसभर तोडीत असताना फोन लागणारच नसेल तर विमान मोड लावून ठेवा आणि दुपारच्या भाकरीला, संध्याकाळी उघडा. घरच्यांशी तशी वेळ ठरवून घ्या. एकाच्या हॉटस्पॉटवर सगळी टोळी व्हिडिओ पाहते तेव्हा त्या एका फोनची बॅटरी तापते, म्हणून पाळी लावा. रात्री गाडी भरताना फोनचा टॉर्च लावून ठेवण्यापेक्षा डोक्याला बांधायची चार्जिंगची लाईट घ्या. ती हात मोकळे ठेवते आणि फोन बोलण्यापुरता शिल्लक राहतो. गावी राहून रब्बीत रात्रीच्या पाळीला दारं धरणाऱ्या शेतकऱ्यालाही माझं हेच सांगणं आहे.

पडद्याचा उजेड कमी ठेवा, तो आपोआप बंद होण्याची वेळ ३० सेकंदांवर आणा. ९० किंवा १२० हर्ट्झचा पडदा असेल तर ६० वर आणा. काळी थीम लावल्यानं बॅटरी वाचते हे फक्त ओएलईडी पडद्याबाबत खरं आहे, कारण तिथं काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. स्वस्त फोनांत बऱ्याचदा एलसीडी पडदा असतो, त्याच्या मागचा दिवा काळ्या थीममध्येही जळतच असतो.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे फडावर कडाक्याची थंडी असते आणि फोन एकदम दहा-पंधरा टक्के उतरल्यासारखा वाटतो. हे तात्पुरतं आहे, अंगाच्या उबेला ठेवला की सावरतो. त्याला चुलीजवळ शेकू नका. खरी परीक्षा परतल्यावर, एप्रिलमध्ये सुरू होते. तेव्हा चार्जिंग दुपारी न करता पहाटे करा, कव्हर काढून करा, गोधडी-उशीखाली फोन ठेवून करू नका. ढग गडगडू लागले की पिन बोर्डातून काढा. फोन वीज ओढून घेत नाही, पण तारेतून आलेला झटका चार्जरमधून त्याच्यापर्यंत पोचतो.

फोनची पाठ फुगलेली दिसली, पडदा कडेनं उचललेला दिसला, तर आत वायू धरला आहे. लगेच बंद करा, चार्ज करू नका, दाबून बसवू नका, टोचू नका. बॅटरी बदलताना कंपनीच्या सेवा केंद्रात जाणं शक्य नसेल तर दुकानदाराकडून मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असलेलीच बॅटरी मागा, ती आपल्यासमोर बसवून घ्या आणि जुनी त्याच्याकडेच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार उत्पादकांवर वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. चुलीत टाकली तर ती पेटते, उकिरड्यावर टाकली तर लेकरांच्या हाती लागते.